बकरीला न्यायला आलेला मामा

मला तेलुगू वाचता येत नाही, ही गोष्ट मी माझ्या मुलीपासून दीड वर्ष लपवून ठेवली. लपवली म्हणजे काय, तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. पैनगंगेपलीकडच्या गावात मी सातवीपर्यंत मराठी शिकले. लग्न होऊन इकडं तेलुगू मुलखात, इचोड्याला आले तेव्हा दुकानांच्या पाट्या मला नुसत्या वेलबुट्ट्या वाटायच्या. बोलणं हळूहळू जमलं. भाजी घेणं, घासाघीस करणं, भांडणं, सगळं तेलुगूत जमलं. वाचायचं मात्र राहूनच गेलं.

ते पुस्तक आम्ही बासरला घेतलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मुलगी चार वर्षांची झाली म्हणून तिला अक्षराभ्यासासाठी सरस्वतीच्या देवळात नेलं होतं. तांदळात बोट फिरवून झालं, पाटी पुजून झाली, आणि बाहेर आल्यावर ती एका दुकानात चित्रांच्या पुस्तकासाठी अडून बसली. दुकानदार म्हणाला, फार जुनं आणि नावाजलेलं पुस्तक आहे, आमच्याकडची पोरं यावरच वाढली. मी कशाला मागे राहते? 'घ्या, मी वाचून दाखवीन,' मुलीच्या वडिलांना म्हणाले. थाप मारायला जागासुद्धा सरस्वतीचं दारच मिळालं मला.

घरी येऊन चित्रं नीट पाहिली. एक म्हातारी, तिची पांढरी बकरी, बकरीच्या गळ्यात पितळी घंटी. मग दारात वाघ. दोन पायांवर उभा, खांद्यावर काठी, काठीला गाठोडं, तोंडभर हसू. आता खांद्यावर गाठोडं घेऊन हसत हसत दारात कोण येतं? माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. सासरच्या बाईला न्यायला भाऊ येतो, भाऊ नसला तर मामा. तेव्हा हा बकरीचा मामा आणि ती म्हातारी तिची सासू. पुढच्या चित्रात वाघ आणि बकरी रानातून एकामागे एक चाललेले. बसलंच की सगळं! त्यानंतरच्या पानावर नुसतं उंच गवत होतं, बाकी काही नाही. तिथं मी म्हणायची, "गवत लई उंच आहे ना, म्हणून दिसत नाहीत दोघं. माहेर लांब राहते." शेवटच्या चित्रात म्हातारी पायरीवर बसलेली, हातात घंटी. "जाताना बकरीनं घंटी ठेवली. म्हातारीनं वाजवली की ती परत येते."

मुलीनं ही गोष्ट शंभरदा ऐकली असेल. आणि मी ती जीव ओतून सांगायची, कारण माझा भाऊ वर्षातून एकदाच, दिवाळीच्या आधी, मला न्यायला यायचा आणि त्या आठ दिवसांवर माझं उरलेलं वर्ष निघायचं. बकरीच्या तोंडी मी घातलेलं बोलणं सगळं माझंच होतं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत समोरच्या घरातल्या टीचरम्मांनी गल्लीतल्या पोरांना बोलावलं. त्या तेलुगू, सरकारी शाळेत शिकवायच्या. हैदराबादहून त्यांनी एक व्हिडिओ कॅसेट आणली होती, त्यात याच पुस्तकातली चित्रं म्हणे हलायची, बोलायची. रस्त्यावरच्या दुकानातून व्हीसीआर भाड्यानं आणला, भर दुपारी खिडक्यांना चादरी लावल्या. आठदहा पोरं आणि मोठ्यांमध्ये आम्ही दोघीच. मुलीला मांडीवर घेऊन मी पुढेच बसले. निम्मी पोरं मराठी होती, त्यांना गोष्ट समजावून सांगायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. शहाणपणा पाजळायची हौस, दुसरं काय.

पडद्यावर म्हातारी हलली, बकरी उडी मारून आली, घंटी वाजली. पोरं खिदळली. मी म्हणाले, "आता पाहा हं, मामा येते न्यायले!" वाघ आला. काठी, गाठोडं, हसू, सगळं तेच. "आला का नाही?" वाघ पुस्तकी तेलुगूत गोड गोड बोलला, मला अर्धंमुर्धं कळलं. वाट चुकलो, पाणी द्या, पलीकडं हिरवागार चारा आहे, असलं काहीतरी. माहेराचा विषय निघाला नाही, तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं.

मग ते गवत आलं. पुस्तकात ते नुसतं उभं असायचं. इथं ते हललं. जोरात हललं. घंटी एकदा खणकन वाजली आणि बंद पडली. नंतर कसलाच आवाज नाही. माझं वाक्य जिभेवर आलेलं होतं, ते तिथंच अडकलं. मांडीवरच्या पोरीचं अंग ताठ झालेलं मला कळत होतं, पण तिच्या पाठीवर हात फिरवायचंसुद्धा मला सुचलं नाही. म्हातारी गवतात शिरली, घंटी उचलली, पायरीवर येऊन बसली आणि रडू लागली. रडत होती ती! पुस्तकात तिचे डोळे मिटलेले होते. दीड वर्ष मी सांगत होते, उन्हानं मिटलेत.

"शेर खा लिया उसको," टीचरम्मा माझ्याकडे बघून म्हणाल्या. "आपको मालूम नहीं था?"

एक मराठी पोरगं फिदीफिदी हसलं. मी मुलीला उचललं आणि घरी आले. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं, तर त्यांनी मान हलवली. पुढं दुकान आणि मागं घर, त्यामुळं त्यांना मागचं सगळं ऐकू जायचं, आणि इथंच शिकल्यामुळं तेलुगू वाचताही यायचं. "मले माहीत होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच पाहिलं होतं मी पुस्तक."

"मग सांगितलं काऊन नाही तुमी?"

"तू चांगलं करून सांगत होती. मले वाटलं, मुद्दामच करून राह्यली."

मला इतका धक्का बसला की भांडायचंही राहून गेलं. दीड वर्ष हा माणूस गल्ल्यावर बसून माझी बकरी माहेरी जाताना ऐकत होता!

पण खरा धक्का पुढंच होता. पंधरा दिवसांनी भाऊ आला. मोठ्या मिशा, खांद्याला पिशवी, तोंडभर हसू. मुलगी अंगणात खेळत होती. तिनं त्याला पाहिलं, किंचाळत घरात आली आणि दार लावून कडी घातली. मी आत, भाऊ बाहेर.

"काऊन बाई, काय झालं?" तो बाहेरून विचारतोय. पाच तास बसचे धक्के खात आलेला माणूस. मी कडीला हात लावला की मुलगी माझ्या पायांना मिठी मारायची. "नको जाऊ. मामा खाते." वर्षभर ज्याची वाट पाहिली तो दाराबाहेर उभा, आणि माझ्याच गोष्टीनं त्याला वाघ करून ठेवलेलं. मला लाज वाटली आणि रागही आला, राग कोणाचा ते कळेना.

मी खाली बसले. म्हटलं, "हे पाह्य, ते पुस्तक मले वाचताच येत नाही. चित्रं पाहून मनानंच सांगत होती मी. मामा नव्हताच तो. वाघच होता."

मला वाटलं, सुटले. खरा मामा आणि खोटा मामा वेगळे झाले.

"मग बसवरचं कोण वाचते?" तिनं विचारलं.

"ते मी लोकायले विचारते."

"लोकायले विचारते," ती हळूच म्हणाली. आपली आई कुठल्या बसमध्ये चढते हे आईलासुद्धा ठाऊक नसतं, हे त्या साडेपाच वर्षांच्या पोरीला त्या क्षणी कळलं. ते तिच्या चेहऱ्यावर उमटलेलं मी पाहिलं. कोणी मुस्कटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

ती उठली, देवघरातली पितळी घंटी घेतली आणि माझ्या पिशवीत घातली. मग स्वतः कडी काढली.

मी ओरडले, देवाची घंटी अशी नेतात का? मालक म्हणाले, नेऊ दे. बसमध्ये ती माझ्या आणि मामाच्या मधे बसली. त्यानं दिलेला पेढा तिनं घेतला, पण माझा पदर सोडला नाही. माहेरी आठ दिवस मी विहिरीवर गेले तरी मागे घंटी हातात घेऊन ती. माझ्या आईला वाटलं, लेकरू तिकडं लाडावलंय. माझ्यासोबत ती माहेराला आलीच नव्हती, मला राखायला आली होती. आणि मी तिला शंभरदा सांगितलेल्या गोष्टीपेक्षा ते एकदा हललेलं गवत तिला खरं वाटत होतं.

परत आलो तेव्हा मालक दुकानात गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होते. ती तशीच आत गेली, पिशवीतून घंटी काढून देवघरात ठेवली. मग दुकानाच्या दारात येऊन, चारचौघांत, बापाला म्हणाली, "आणली मी आईले."