ताईबाईच्या संध्याकाळच्या पुड्या

माझी आई ताईबाई दुपारी झोपत नाही. झोप येत नाही असं अजिबात नाही, डोळे मिटलेलेच असतात, पण दोन ते चार या वेळात तिला पुड्या बांधायच्या असतात. आमचं किराणा दुकान निमोण्याच्या पुढच्या एका गावात, बौद्धवस्तीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून आहे. वस्तीतली बहुतेक माणसं रोजंदारीची. कुणी कांद्याला, कुणी उसाला, कुणी रांजणगावच्या कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली. महिन्याचं सामान एकदम भरणं कुणालाच झेपत नाही. संध्याकाळी काम सुटलं की वाटेत दुकानाशी थांबायचं, त्या रात्रीपुरतं न्यायचं. दमलेल्या बाईला तेव्हा ताटकळत उभं ठेवू नये म्हणून आई दुपारीच घरटी पुड्या बांधून फळीवर मांडून ठेवते. सरूबाईकडं खाणारी तोंडं सहा, तिची डाळ जास्त. म्हाळू आप्पांना साखर चालत नाही, त्यांच्या पुडीत गूळ. पुडीवर नाव घालायला आईला येत नाही आणि तिचं काही अडतही नाही. मी डी.एड. झाले, शाळेत शिकवते, तरी कुठली पुडी कुणाची हे मला आजवर ओळखता आलेलं नाही.

वडील दौंडला रेल्वेत गँगमन होते. एकोणनव्वद साली ते गेले आणि आईनं हे दुकान टाकलं. तेव्हापासून तिची एक इच्छा होती आणि ती मला मुळीच आवडत नसे. गावातल्या बायकांनी आपल्या दुकानावर यावं, ही ती इच्छा. गावातल्या म्हणजे चौकाकडच्या, बागायतीवाल्या घरातल्या. गावात हौसरावांचं मोठं दुकान होतं, त्या तिकडं जायच्या. ते बंद असलं तर शिरूरला जायच्या. आमच्या दुकानावरून जायच्या, पण आमच्या दुकानात यायच्या नाहीत. शाळेतली पोरं गोळ्या-बिस्किटं न्यायची, ती पण घरी कळू न देता. तरी आई दर श्रावणात साबुदाणा आणि भगर आणून ठेवायची. वस्तीत उपास करणारं कुणी नव्हतं. मग भाद्रपदात त्या साबुदाण्यात किडे व्हायच्या आत आम्ही दोघी मुकाट्यानं खिचडी खायचो. मी चिडले की ती म्हणायची, "आसूंदे. कुणी आलं तर न्हाई म्हनायची येळ येऊ न्हाई."

वीस श्रावण असेच गेले. एकविसाव्या श्रावणात, म्हणजे दोन हजार नऊ साली, पुण्यात स्वाइन फ्लू आला.

पुण्यात माणसं दगावायला लागली, शाळा बंद झाल्या, आमचीही झाली आणि मी घरी बसले. गावात कुणी आजारी नव्हतं, पण भीती मात्र पहिल्याच गाडीनं आली. पोरांच्या गळ्यात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या आल्या. बाप्ये टॉवेल तोंडाला बांधून हिंडायला लागले. एके दिवशी सकाळी कुणीतरी बातमी आणली की शिरूरचा बाजार पंधरा दिवस बंद, जीपगाड्याही बंद होणार. खरं-खोटं बघायला कुणाला सवड होती? हौसरावांच्या दुकानासमोर जत्रा भरली. दहा वाजेपर्यंत त्यांची साखर संपली, अकराला तेल संपलं आणि बारा वाजता त्यांनी शटरच ओढून घेतलं. आत माल होता की नव्हता हे त्यांचं त्यांना माहीत.

दुपारी आई पुड्या बांधत होती. मी कागद फाडून देत होते. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं, तर झुंबरबाई. सोसायटीचे चेअरमन सर्जेराव, त्यांची ही बायको. नाकातोंडावर पदर घट्ट धरलेला. रोगामुळं धरला होता की आमच्या वस्तीत आल्या म्हणून, ते काही सांगता आलं नाही.

"ताईबाई, तूरडाळ हाय का गं?"

आई उठून उभी राहिली. एकदम उठल्यामुळं मांडीवरची सुतळी खाली सांडली. "हाय की वैनी. या ना. बसा," म्हणत तिनं स्टूल पुढं सरकवलं. झुंबरबाई बसल्या नाहीत, पण त्यांना आईचं नाव ठाऊक होतं, याचंच आईला केवढं अप्रूप! वयानं आई त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. तरी एकीकडून 'गं' आणि दुसरीकडून 'या ना'. मी हे मनात मोजून घेतलं. मला अशा मोजण्याची खोड आहे.

डाळ गेली. साखर गेली. शेंगदाणे, चहाची पाकिटं, अंगाचा साबण, काडेपेट्या गेल्या. झुंबरबाईंनी साबुदाण्याचं विचारलं, तेव्हा आईनं माझ्याकडं असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. मग बाकीच्या आल्या. एकीनं घेतलं की दुसरीला धीर येतो. तासाभरात दुकानात कधी नव्हे ती गावातल्या बायकांची गर्दी झाली. झुंबरबाईंचा मुलगा पप्पू मोटारसायकल घेऊन आला आणि पोत्यात उरलेली साखर उचलून घेऊन गेला. डाळीच्या पोत्याचा तळ दिसायला लागला, तेव्हा झुंबरबाईंनी फळीकडं बोट केलं.

"त्या बांधलेल्या कशाच्या?"

"त्या संध्याकाळच्या हायत, वैनी. आमच्या लोकांच्या."

"त्यांना काय, उद्या दे. आमच्याकडं पावणे हायत. पंधरा दिस काय करायचं आम्ही?"

मी आईचा हात धरला आणि तिला आतल्या बाजूला ओढलं. म्हटलं, "आई, पुड्यांना हात लावू नकोस. सरूबाई येईल आत्ता तासाभरात."

"आगं, पयल्यांदा आल्यात त्या."

"मग?"

"आज न्हाई म्हनलं तर परत येत्याल का कवा?"

वीस वर्षांचं सगळं त्या एका वाक्यात होतं. मला बोलता आलं असतं, मी फटकळच आहे. पण तिचा चेहरा त्या वेळी असा उजळला होता की माझी जीभ उचलली नाही. ती मी तेव्हा उचलायला हवी होती, असं आजही वाटतं. आई बाहेर गेली आणि फळीवरच्या पुड्या एकेक करून खाली काढायला लागली. सरूबाईची पुडी झुंबरबाईंच्या पिशवीत गेली. वेगळी ओळखू यायची ती, कारण जास्त डाळ मावावी म्हणून आई तिला कागद दुहेरी लावायची.

साडेपाचला सरूबाई आली. पायांना कांद्याच्या वावरातली माती, हातात तेलाची बाटली. दुकान असं धुऊन नेल्यासारखं बघून ती दारातच थांबली.

"माझी पुडी?"

"दिली," आई म्हणाली.

"कुनाला?"

आईनं गावाच्या बाजूला मान हलवली. सरूबाई थोडा वेळ रिकाम्या फळीकडं बघत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बरं केलंस. लई दिस वाटत हुतं तुला, त्यांनी यावं म्हनून." यात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, खरंच नव्हता, आणि म्हणूनच आईला ते सहन झालं नाही. ती तशीच घरात गेली, आमच्या स्वयंपाकातला डाळीचा डबा उचलून आणला आणि ओंजळीनं वाटायला बसली. सरूबाईला दोन ओंजळी, म्हाळू आप्पांच्या सुनेला एक. पाचव्या घराला डबा रिकामा झाला. उरलेली नऊ घरं नुसतीच बघून परत गेली. त्या रात्री आम्ही भाकरी आणि मिरची खाल्ली, आणि वस्तीत आणखी कुणी काय खाल्लं हे दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आईची वणवण सुरू झाली. तेव्हा तिचं वय अठ्ठावन्न, गुडघे केव्हाच गेलेले. सकाळी दुधाच्या टेम्पोत बसून न्हावऱ्याला गेली, तिथं काही मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी शिरूरला गेली. बाजार बंद होता ही अफवा निम्मीच खरी होती. आठवड्याचा बाजार बंद, दुकानं अर्ध्या शटरनं उघडी. पण तिच्या नेहमीच्या ठोक व्यापाऱ्यानं सांगितलं, "मावशी, माल यायचाय. आला की आधी मोठ्या गिऱ्हाइकांना." तीन तास तिथल्या पायरीवर बसून ती दोन किलो मसूर आणि मिठाचे पुडे घेऊन आली. येताना जीप नव्हती म्हणून अर्धी वाट चालली. पाय एवढे सुजले होते की चपला हातात घेऊन दारात आली. मी पाणी तापवलं. मनात म्हटलं होतं, आता बोलायचं. पण तिच्या टाचा बघून मी नुसतं पाणी ओतत राहिले.

मसूर चौदा घरांत वाटले. चहाच्या कपानं मोजून वाटावे लागले.

"हौसरावाचं उघडलं का गं?" ती रोज विचारायची. हौसरावांचं आठव्या दिवशी उघडलं. त्यांचा टेम्पो आला, गाव तिकडं वळलं. आमच्याकडं माल यायला अजून चार-पाच दिवस होते. आमच्या लोकांनी हौसरावांकडून घेतलं असतं, पण तिथं किलोच्या खाली तोलत नव्हते.

त्याच दिवशी दुपारी नीलम आली. पप्पूची बायको, झुंबरबाईंची सून, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. दोन्ही हातांत पिशव्या होत्या. आईला वाटलं, परत काही न्यायला आली. ती हरखून उठली आणि म्हणाली, "ये गं बाई. पर माल आजून आला न्हाई माझा."

"न्यायला न्हाई आले, मावशी," नीलम म्हणाली. तिनं पिशव्या खाली ठेवल्या. "आत्यांनी परत द्यायला सांगितलंय. जास्तीचं झालं म्हनल्या."

आईनं पिशव्या उघडल्या. डाळीच्या पुड्या, साखर, शेंगदाणे, साबुदाणा. सगळ्या पुड्यांची सुतळी जशीच्या तशी, एकही सुटलेली नव्हती. आईनं एकेक पुडी काढून फरशीवर मांडली, आणि मग पिशवीच्या तळाशी हात घालून चाचपलं.

"साबन न्हाई आला?"

"साबन वापरला, मावशी."

"आन् चहा?"

"त्यो पन. काडेपेट्या पन."

म्हणजे जे कंपनीतून बंद होऊन आलं होतं ते चाललं. आईनं हातानं मापून, हातानं बांधून दिलेलं तेवढं परत आलं होतं. आई शांतपणे नीलमकडं बघत होती.

"पंधरा दिस काय खायाचं म्हनत हुत्या की वैनी. पावणे हुते म्हनल्या."

नीलमच्या डोळ्यांत पाणी आलं. पोर खोटं बोलायला शिकलेली नव्हती अजून. "घरात हुतं थोडं, मावशी. त्येच पुरवून पुरवून खाल्लं. ह्ये माळ्यावर ठिवलं हुतं. आत्या म्हनत्या, अगदीच संपलं तर बघू."

"म्हंजी मरायची येळ आली आसती तर शिजवलं आसतं," आई म्हणाली.

नीलम रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालायला लागली. मी बोलले. मी म्हटलं, "घेऊन जा ते सगळं. तुझ्या सासूला सांग, माळ्यावर ठेवा नाहीतर म्हशीला घाला. एक पैसाही परत मिळणार नाही."

"गौतमी, गप बस." आईनं गल्ल्यातून पैसे काढले आणि नीलमच्या हातात ठेवले. मी दात-ओठ खात होते. नीलम गेली, तेव्हा आई माझ्याकडं वळली. "पैशे घिऊन काय त्ये शिजवू? वस्तीत आठ दिस डाळ न्हाई. मला डाळ पायजे."

मग ती खाली बसली. पुड्या पुसल्या. माळ्यावरची धूळ होती त्यांच्यावर. पुसता पुसता ती थांबली आणि फार थकलेल्या आवाजात, मला नव्हे, स्वतःलाच म्हणाली, "येवढं भ्यालेलं गाव. तरी न्हाई खाल्लं." रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. मला वाटतं, रडायला जे लागतं तेसुद्धा तिच्यात त्या दिवशी उरलं नव्हतं.

साडेपाचला वस्ती कामावरून परतायला लागली. सगळ्यात पुढं सरूबाई. ती आत येणार नव्हती, आठ दिवसांत तिला सवय झाली होती, दारावरून पुढंच चालली होती. आईनं हाक मारली आणि दुहेरी कागदाची पुडी तिच्या हातात दिली.

सरूबाईनं पुडी हातावर जोखली. "आलीच का डाळ? कवा आली?"

"तुझीच हाय," आई म्हणाली. "गावात जाऊन आली."

सरूबाईनं पुडीकडं बघितलं, न सुटलेल्या सुतळीकडं बघितलं. मग तिनं ती पदराखाली घेतली आणि पुढं एक शब्दही विचारला नाही. आमच्या वस्तीत एवढं सांगितलं की पुरतं.