वास गेला म्हणे

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते म्हटलं की लोक पहिलं विचारतात, "मग साखर फुकट मिळत असेल की!" मिळत नाही. मी केमिस्ट आहे. उसाचा रस आला की त्यात साखर किती, ते बघायचं. रस मुळात गढूळ, त्यातून उजेड आरपार जात नाही. म्हणून त्यात शिशाचं मीठ घालायचं, गाळ खाली बसतो आणि वर नितळ रस राहतो. शिसं विषारी. हात धुतल्याशिवाय कुणी चहाच्या कपाला हात लावला तर माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. कारखान्यात मला भांडखोर म्हणतात, ते काही उगाच नाही.

माझा सख्खा मामा त्याच कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. गटारं, टाक्या, सांडपाण्याचे हौद साफ करायचं काम. मला सायकलवर डबलसीट बसवून श्रीरामपूरच्या कॉलेजात सोडायचा तो हाच. घरी आमचं अरे-तुरे चालतं. गेटच्या आत मात्र तो मला "जयभीम, मॅडम" म्हणायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. मीही मग मुद्दाम अहो-जाहो करायचे. त्याला त्याच्या नाकाचा भारी गर्व. "तुमच्या मशीनला बॅटरी लागती मॅडम, माझ्या नाकाला न्हाई," असं सगळ्यांसमोर ऐकवायचा.

ऐन हंगामातली गोष्ट. सांडपाण्याच्या हौदातला पंप अडकला. भुसा आणि चिखल जाऊन बसला होता. पाणी चढत चाललं होतं आणि ते काठावरून ओढ्यात गेलं असतं तर कारखाना बंद ठेवावा लागला असता. म्हणजे उसाच्या गाड्या वाटेतच उभ्या. साहेबांचा जीव टांगणीला लागला होता. कुणीतरी खाली उतरून हातानं भुसा काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, निदान साहेबांचं तरी तसं म्हणणं होतं.

आमच्याकडे नियम आहे. खाली वायू किती आहे ते प्रयोगशाळेनं मोजून सांगायचं, मगच माणूस उतरायचा. वायू मोजायचं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं. मी सकाळीच सांगून टाकलं, यंत्र येईपर्यंत कुणी उतरणार नाही. शेजारच्या कारखान्याचं यंत्र मागवा किंवा बाहेरून चिखल ओढणारा टँकर आणा. साहेब म्हणाले, "बघू." त्यांचं बघू म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं.

दुपारी मी पुन्हा हौदावर गेले. तोवर मामानं आणि त्याच्या जोडीदारानं लांब बांबूनं चिखल ढवळून पाहिला होता. सकाळी तिथं सडक्या अंड्यांचा असा वास होता की पदर नाकाला लावल्याशिवाय उभं राहवत नव्हतं. आता मामा काठावर वाकून म्हणाला, "वास गेला मॅडम. मोकळं झालंय सगळं. उतरायला हरकत न्हाई."

सकाळचा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. या वायूची खोड मी परीक्षेसाठी पाठ केली होती. थोडा असतो तेव्हा घाण वास मारतो. वाढला की आधी नाकच बधिर करतो, आणि माणसाला वाटतं, वास गेला. चिखल ढवळल्यावर वास कमी व्हायला नको, वाढायला हवा.

मी हे साहेबांना समजावलं. ते म्हणाले, "मलाही येत नाही वास. तुम्हाला येतोय का?" मलाही येत नव्हता. तेवढ्यात मामाचा जोडीदार म्हणाला, "इहिरीत सोडत्यात तसा कंदील सोडून बघू की." मी त्याच्यावर खेकसले. "पेट घेतला तर सगळेच जाल! काडीसुद्धा ओढू नका इथं."

बोलून कुणी ऐकत नव्हतं. डोळ्यांनी दिसलं तर ऐकतील, असं वाटलं. शिशाच्या मिठात भिजवलेला कागद या वायूत काळा पडतो. तो पांढरा राहिला असता तरी मी हो म्हणणार नव्हते, कारण खाली श्वासापुरती हवा आहे की नाही, ते कागद सांगत नाही. पण काळा पडला तर साहेबांचं तोंड बंद होईल. "कंबरेला दोर बांधल्याशिवाय हौदाजवळ जायचं नाही, आणि मी येईपर्यंत उतरायचं नाही," असं मामाला बजावून मी पळत सुटले. गाळणकागदाची पट्टी कापली, भिजवली, एक नट बांधून सुतळीला अडकवली. स्वतःचाच राग येत होता, एवढ्याशा कामाला एवढा वेळ लागतो म्हणून.

परत आले तर मामा शिडीवर. डोकं काठाच्या जरा खाली गेलेलं. दोर बांधला होता, टोक जोडीदाराच्या हातात होतं, एवढंच माझं ऐकलं होतं. साहेब दुसरीकडे बघत होते. मी धावत जाऊन मामाच्या शेजारून सुतळी खाली सोडली. पट्टी त्याच्या पायाखाली गेली आणि बघता बघता आधी चहाच्या रंगाची आणि मग काळीकुट्ट झाली.

"मामा, वर ये!"

कारखान्यात मी त्याला पहिल्यांदाच मामा म्हटलं. त्यानं वर पाहिलं, हसला. "आगं, वास न्हाई," असं काहीतरी म्हणाला आणि शिडीवरचा त्याचा हात सुटला.

दोराला हिसका बसला. जोडीदारानं दोर साहेबांच्या हातात कोंबला आणि स्वतः शिडीवर पाय टाकला. मी त्याची कॉलर धरली. तो मला ढकलत होता, शिव्या घालत होता. "सोडा मॅडम, मरंल तो!" मी सोडलं नाही. अशा हौदात मागून उतरणाराही खालीच राहतो. माझा मामा खाली लोंबकळत होता आणि मी त्याच्याकडे जाणाऱ्या माणसाला अडवत होते. "उतरायचं नाही, ओढा, दोर ओढा," एवढंच मी ओरडत होते. मग आम्ही तिघांनी मिळून ओढला. साहेबांचे तळवे सोलून निघाले.

श्रीरामपूरच्या दवाखान्यात संध्याकाळी त्यानं डोळे उघडले. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी उशाशी बसून मनातल्या मनात त्याला लाखोली वाहत होते आणि रडत होते. त्यानं मास्क जरा बाजूला केला.

"वास गेल्ता की गं," तो म्हणाला.

"वास तिथंच होता मामा. तुझं नाक गेलं होतं."

त्यानं नाकावरून हात फिरवला. मग एकदम कसंनुसं तोंड करून विचारलं, "माझ्यामागं कुनी उतरलं न्हाई ना?"

"जोडीदार निघाला होता. मी कॉलर धरली त्याची. तू खाली असताना धरली."

मला वाटलं, हे ऐकून त्याला वाईट वाटेल. त्यानं माझा हात हातात घेतला.

"धरली ना? बरं केलंस, पोरी," म्हणाला आणि मास्क परत लावून घेतला.