गिरणीतला अजामेळ

मंगळवार पेठेत आमची पिठाची गिरणी होती. खाली गिरणी, वर आम्ही. आबा, म्हणजे वडील, भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. दादा दहावीला आपटून गिरणीवर बसला होता, आणि मी कॉलेजात इंग्रजी घेतलेलं. त्यामुळे घरात माझा शब्द खरा आणि दादाचा हवेत, अशी रीतच पडून गेलेली. त्या रीतीचा मला आजही राग येतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दादाच्या मित्रानं गोव्याहून एक कॅसेट आणली. वर शिंगवाला काळा तोंडवळा, मागं आगीचा लोळ. हेवी मेटल म्हणे! मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा विचारलं, "अरे, गिरणीचा पट्टा तुटला काय?" दादा हसला. गिरणी चालू असताना तो टेपरेकॉर्डर पूर्ण आवाजात सोडायचा आणि कुणाला पत्ता लागायचा नाही.

पण शब्द कळत नाहीत म्हणून तो तळमळायचा. "ए शिकलेली, नुसता बोंबलतोय का काय सांगतोय त्यो? बघ की जरा."

मला तरी कुठं धड कळत होतं! टेप मागंपुढं करत आठवडाभर कान लावून बसले तेव्हा कुठं अर्थ लागला. एक माणूस मरायला टेकलाय. जन्मभर वाट्टेल तसा वागला. आता उशाशी काळा सैतान येऊन उभा राहिलाय आणि हा ओरडतोय, देवा, चुकलो, मला ह्याच्या हाती देऊ नकोस. जी किंकाळी आम्हाला सैतानाची वाटत होती, ती ह्या बिचाऱ्याची होती.

पिठानं माखलेला दादा ताडकन उठला. "आयला! ह्यो तर आपला अजामेळ की गं!"

अजामेळाची कथा आबांची लाडकी. पापी माणूस, मरताना यमदूत दिसले म्हणून घाबरून धाकट्या पोराला हाक मारतो. पोराचं नाव नारायण, आणि तेवढ्या हाकेवर सुटतो. दर एकादशीला आबा ती सांगायचे आणि 'नारायणा' म्हणताना त्यांचा गळा भरून यायचा.

दुसऱ्या एका गाण्यात समुद्रातून सात डोक्यांचा पशू वर येत होता. मैत्रिणीकडून मराठी बायबल आणलं, तर शेवटच्या पानांत स्वारी हजर. दादा म्हणाला, "सातच? आपल्या रावणाला धा हायती." पण अजामेळाचं गाणं मात्र आबांना ऐकवायचंच, असं त्यानं ठरवलं. आबांना सांगण्याजोगं काहीतरी जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे होतं. दसरा झाला की सांगतो, म्हणाला.

त्या नवरात्रात मी नेसरीला मावशीच्या सुनेच्या बाळंतपणाला गेले होते. इकडे उपासाची भाजणी दळायला आलेल्या एका बाईला लक्ष्मीच्या तसबिरीखाली ती कॅसेट दिसली आणि तिनं पेठ डोक्यावर घेतली. देवीच्या दिवसांत हे असलं तोंड! आबा खाली आले. दादानं सांगितलं, गाणं देवाचंच आहे, तुमच्या अजामेळाचं आहे. आबा म्हणाले, "तुला इंग्रजी कवापास्नं कळाय लागलं?" जमलेल्या बायका हसल्या.

मग दादाचा तोल गेला. "परवा टेंबलाई देवीच्या जत्रंत कोहळा फोडायचा त्यो राक्षसाच्या नावानंच की! गावाला नाव कुणाचं हाय? देवीनं मारलेल्या कोल्हासुराचं. मग आधी गाव जाळा की!" आबांनी खाडकन कानाखाली वाजवली. न्हाणीतला बंब पेटलेला होता, त्यात त्याच्याच हातानं कॅसेट टाकायला लावली.

मी दुसऱ्या दिवशी आले. वरातीमागून घोडं. चप्पलसुद्धा न काढता आबांकडे निघाले, तर दादानं जिन्यात अडवलं. "न्हाय सांगायचं."

"अरे पण मी सांगितलं तर पटेल त्यांना!"

"म्हणूनच. मी सांगितलं तर खोटं आणि तू सांगितलंस की खरं. असलं खरं मला नको. माझी शपथ हाय तुला."

मी गप्प बसले. एक दिवस आधी आले असते तर, हे मी किती वेळा मनात घोळवलंय देव जाणे. दादानं टेपरेकॉर्डर मित्राला देऊन टाकला आणि गिरणी चालवत राहिला. आबांशी बोलणं 'व्हय' आणि 'न्हाय' एवढंच.

सात-आठ वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली. एका एकादशीला माहेरी होते. आबा माझ्या मुलीला अजामेळ सांगत होते. नेहमीच्या जागी त्यांचा गळा भरून आला आणि माझं डोकंच फिरलं. शपथ गेली चुलीत! गाण्यातला माणूस, उशाशी उभा काळा, ती हाक, सगळं बोलले.

आबांनी मुलीला मांडीवरून खाली उतरवलं. मग म्हणाले, "अजामेळ म्हणालता त्यो. मला वाटलं, माझी चेष्टा करतोय."

ते उठले आणि भिंत धरत जिना उतरले. मी मागोमाग. गिरणी चालू होती. आबा ओरडून म्हणाले, "ती कॅसेट दुसरी कुठं मिळंल का रं? मला ऐकायची हाय."

दादानं गिरणी बंद केली नाही. डबा उचलला आणि गहू वर ओतला. "कुठली कॅसेट?" म्हणाला.

आबांना वाटलं, आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. ते पुन्हा ओरडले.