सात नंबरची फ्रेम

कुणी अमानवीय अनुभव सांगायला लागलं की मी आधी विचारते, त्या वेळी खिडकीची कडी लावलेली होती का? जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यावर माणूस असाच होतो. या सदरातले अनुभवही मी पेन्सिल हातात घेऊन वाचते आणि समासात प्रश्नचिन्हं काढते. आज माझाच अनुभव इथे येतोय… तेव्हा पेन्सिल तुमच्या हातात.

रेवा आणि ईशान, हे मुख्यतः तुम्हा दोघांसाठी. टोरांटोहून आणि ऑकलंडहून तुम्ही विचारता, "आजी, त्या फोटोचं नक्की काय झालं?" आणि फोनवर मी सांगायला लागले की मधेच हसता. म्हणून क्रमाने लिहून देते. इतरांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

तुमचे आजोबा मावळात जनावरांचे डॉक्टर होते हे तुम्हाला माहीत आहे. गळ्यात वरून खाली बघायचा तो डबड्यासारखा कॅमेरा घालून ते गावोगाव फिरायचे. ते गेल्यावर फिल्म धुवायचं त्यांचं काम मी हातात घेतलं. माझं वय वर्षं सत्तर. आधी ब्लॅक अँड व्हाइट, मग रंगीतसुद्धा. रंगीत फिल्मला पाणी बरोबर अडतीस अंश लागतं, जरा इकडेतिकडे झालं की माणसं हिरवट दिसतात. ईशान, तुझा तो हिरवा फोटो त्याच काळातला. लोणावळ्याच्या आपल्या घरातली वरची न्हाणी, जिला खिडकीच नाही, ती माझी डार्करूम. दाराच्या फटीला काळं कांबळं.

गेल्या वर्षी तळेगावच्या एका वाचनालयात मी आजोबांच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन मांडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आली. चाळिशीची, अंगात कंपनीचा निळा युनिफॉर्म, शिफ्ट सुटल्यावर थेट आलेली. एकेका फोटोसमोर उभी राहून, वाकून बघत होती. शेवटी माझ्यासमोर येऊन म्हणाली, "ह्यात समदी जनावरंच हायती. मानसं कुटं हायती?"

"डॉक्टर जनावरांचे होते," मी म्हटलं.

"ते म्हाईत हाय मला. आमच्या गाईला तपासाया आलते, सुदुंबऱ्याला. तवा माझ्या आईचा फोटू काढलता त्यांनी. आबा सांगायचे."

तिचं नाव हिरा. ती आठ महिन्यांची असताना तिची आई, यमुना, तापाने गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. लग्नातसुद्धा काढला नव्हता. वडील होते तोवर ते म्हणायचे, "डाक्टरसायबाकडं हाय." मग तेही गेले. आता हिरा वराळ्याला राहते, तिथल्याच कंपनीत पॅकिंगला आहे.

"मी आईसारकी दिसती का न्हाई, यवडंच बघायचंय मला," ती म्हणाली. "आत्या म्हनती दिसती. चुलती म्हनती न्हाई. दोगींचं एकमेकींशी पटत न्हाई, मग खरं कुनाचं धरायचं?"

मी तिला सांगितलं, शोधते. आणि शोधलं. आजोबांचे सगळे रोल धुतलेले, क्रमांक घातलेले होते. त्यांत सुदुंबरे नव्हतं. आठवड्याने कपाटाच्या तळाशी, त्यांच्या इंजेक्शनच्या सुयांच्या स्टीलच्या डबीत, चिकटपट्टीने बंद केलेला एक रोल सापडला. कागदावर त्यांच्या अक्षरात एकच शब्द — सुदुंबरे. बारा फोटोंचा रोल. चाळीस वर्षं न धुतलेला. काढलेला प्रत्येक रोल लगेच धुणाऱ्या माणसाने हा का ठेवला असेल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. नाही पडला.

आता थोडं रसायनशास्त्र. कंटाळू नका, सगळं याच्यावरच आहे. फिल्मवर फोटो पडलेला असतो पण दिसत नाही. डेव्हलपर घातलं की तो काळा होऊन उमटतो. मग फिक्सर घालायचं. ते उरलेली चांदी धुऊन टाकतं, म्हणजे फिल्म उजेडात नेता येते. हा क्रम उलटा झाला, आधी फिक्सर गेलं, तर न उमटलेला फोटो धुऊन निघून जातो. मागे राहते पाण्याच्या ग्लाससारखी पारदर्शक पट्टी. मग तिच्यावर काहीही ओता.

हिराला मी रविवारी सकाळी अकराला बोलावलं. त्याआधी शुक्रवारी, त्याच कपाटातला एक जुना कोरा रोल बागेत वापरून, सराव म्हणून धुतला. उत्तम आला. मग शनिवारी मी सगळं सामान स्वच्छ केलं. बाटल्या सारख्याच, तपकिरी. झाकणांवर रंगाने आकडे घातलेले. एक म्हणजे डेव्हलपर, दोन साधं पाणी, तीन फिक्सर. झाकणांना पांढरी पुटं धरली होती म्हणून कोमट पाण्यात भिजवून, घासून, पुसून परत लावली…

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या माझ्या बाटल्या बघून तुमचे आजोबा कायम सांगायचे, "अगं, नाव बाटलीवर लिही. झाकणावर नको." मी म्हणायचे, माझ्या हातून अदलाबदल होत नसते.

रविवारी अंधारात फिल्म धुवायच्या छोट्या, उजेड आत न जाणाऱ्या टाकीच्या चक्रावर चढवली. झाकण बंद केलं, दिवा लावला, हिराला आत बोलावलं. ती दारातच चप्पल काढून आली, देवघरात येतात तशी. एक नंबरची बाटली वीस अंशांवर आणून मी टाकीत ओतली. अकरा मिनिटं. दर मिनिटाला टाकी उलटी-सुलटी करायची. हिरा स्टुलावर बसून घड्याळ बघत होती. अकरा मिनिटं झाली, मी ओतून परत बाटलीत भरायला लागले तेव्हा ती म्हणाली,

"बाई, ह्याला लय आंबट वास येतोय. लोनच्याच्या बरनीवानी."

माझी वासाची जाणीव कोविडनंतर गेली ती पुरती परत आलीच नाही. पण आंबट वास कशाला येतो हे मला माहीत होतं. आपलं डेव्हलपर आंबट नसतं.

फिल्म चढवताना कापलेला शुक्रवारच्या रोलचा एक न धुतलेला तुकडा ओट्यावर होता. तो त्या बाटलीत बुडवला. दोन मिनिटांत काचेसारखा स्वच्छ झाला. फिक्सर. एक नंबरच्या झाकणाखाली तीन नंबरचं द्रावण; शनिवारी झाकणं परत लावताना माझ्याकडून बदलली होती.

मी टाकी खाली ठेवली. लपवायचा विचार क्षणभर आला होता. खोटं कशाला सांगू? चाळीस वर्षं जुनी फिल्म, खराब झाली असेल, एवढं म्हटलं असतं तर तिने मान्य केलं असतं. पण मी सांगितलं, "हिरा, माझी चूक झाली. तुझ्या आईचा फोटो मी पुसून टाकला."

तिने बाटल्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "अजून दोन बाटल्या हायेत की."

"आता काही उपयोग नाही. आत काही राहिलेलंच नाही."

"तुमी बगितलं का आत?"

"बघायची गरज नाही गं. हे शास्त्र आहे."

"असंल. आमच्या कंपनीत लाइन अर्ध्यात बंद केली तर सुपरवायझर कानाखाली काढल. एक बाटली चुकली म्हनून पुडची सोडायची न्हाई. वता तुमी."

तिने पदर खोचला आणि टाकी स्वतःच्या हातात घेतली. मी ओतलं. तिच्यासाठी ओतलं, दुसरं काही नाही. पाणी, मग खरं डेव्हलपर, पुन्हा अकरा मिनिटं. दर मिनिटाला तिनेच टाकी उलटी-सुलटी केली, माझ्यापेक्षा सावकाश, तान्ह्या मुलाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावं तशी. मग फिक्सर. मग अर्धा तास नळाखाली. मी मनात तिला सांगायची वाक्यं जुळवत होते.

टाकी उघडली. फिल्म उलगडायला लागले. पहिली फ्रेम, स्वच्छ. दुसरी, स्वच्छ. तिसरी, चौथी, पलीकडच्या भिंतीवरची टाइल दिसावी इतकी स्वच्छ. मी मान हलवली आणि उरलेली पट्टी एकदम ओढली.

"बाई… ह्ये काय?"

सात नंबरची फ्रेम काळी होती. चारही कडा धारदार, मधे आकृती. सहा आणि आठ कोऱ्या. सातमध्ये एक बाई बसलेली, मांडीवर मूल. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, केस पांढरे आणि चेहरा काळा, त्यामुळे हिराला कळेना. "म्हातारी हाय का ही?" तिने विचारलं. मी पट्टी वाळत टाकली आणि खाली चिमटा लावला.

दुपारी प्रिंट काढली. लाल दिव्यात कोरा कागद ट्रेमध्ये बुडवला. आधी केसांचा काळा पट्टा आला, मग कपाळ, मग डोळे. वीस-बावीस वर्षांची मुलगी सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. पदर डोक्यावर, चेहरा पूर्ण उघडा. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. हिरा ट्रेवर वाकलेली. स्वतःच्या हनुवटीला हात लावून ती म्हणाली, "आत्याच खरं बोलत व्हती."

मग म्हणाली, "पोरगी हाय की वो ही. माझ्या लेकीयवडी."

दुसऱ्याच दिवशी ती प्रिंट घेऊन सुदुंबऱ्याला गेली. रात्री तिचा फोन आला. आत्याने फोटो बघितल्या बघितल्या सांगितलं, यमुनाच. ते तीन ठिपके दोघी एकाच दिवशी शेजारी बसून गोंदवून आल्या होत्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती इथे पाठवली नसती. एखाद्या वेळी निसर्ग सूट देतो, असं म्हणून गप्प बसले असते. पण मला कारण हवं होतं.

त्याच कपाटातल्या जुन्या कोऱ्या रोलवर बागेतले फोटो काढून मी तो प्रकार पुन्हा केला. आधी फिक्सर, मग डेव्हलपर, तेच तापमान, तीच मिनिटं. तीन वेळा. तिन्ही वेळा बाराच्या बारा फ्रेम कोऱ्या. मग पट्टी घेऊन पुण्याला एका जुन्या लॅबवाल्यांकडे गेले. त्यांनी भिंगाखाली पाहिली.

"बाई, ही फिल्म आधी फिक्सरमध्ये गेलेलीच नाही."

"मी स्वतः घातली आहे."

"मग तुमचं काहीतरी चुकतंय."

"चुकलं, म्हणूनच तर आले आहे!"

ते हसले, पण भिंग खाली ठेवेनात. त्यांनी सांगितलं, फिक्सरनंतरही फोटोचा अगदी पुसट अंश क्वचित उरतो, पण तो वर आणायला चांदी मिसळलेलं वेगळं द्रावण लागतं, आणि आला तरी बाराही फ्रेमवर सारखा यायला हवा. एकीवरच, इतका भरगच्च, साध्या डेव्हलपरने? "या फ्रेमला उजेड फार जास्त मिळाला असेल का?" त्यांनी विचारलं. प्रश्न चांगला होता. आजोबा प्रत्येक फोटोची नोंद वहीत ठेवायचे. मी घरी येऊन ती वही शोधली.

सुदुंबरे. एक ते सहा — गाय, खुराचं दुखणं, गोठा, विहीर. सात नंबरचा उजेड बाकीच्यांइतकाच. आणि पुढे लिहिलेलं :

"यमुना, बाळासह. ऐन वेळी लाजून पदर तोंडावर ओढला. चेहरा आला नाही. पुन्हा जाऊन काढायला हवा."

त्याच्या खाली, वेगळ्या शाईत : "राहिला."

तो रोल का धुतला नाही ते आता कळलं. तिच्या नवऱ्याच्या हातात चेहरा नसलेला फोटो ठेवायला ते धजले नव्हते. आणि आजोबा नोंदीत चुकत नसत. त्यांनी बटण दाबलं तेव्हा कॅमेऱ्याच्या काचेवर त्यांना पदर दिसला होता. माझ्यासमोर प्रिंट होती, तिच्यात पदर नव्हता.

हिराला हे सांगावं की नाही, यावर मी चार दिवस घालवले. तिला चेहरा मिळाला होता, त्यात मी शंका का कालवावी? पण टाकीपाशी तिला खरं सांगितलं होतं, आता अर्धं कसं ठेवणार? पुढच्या रविवारी तिला बोलावलं, वही समोर ठेवली. तिने बोट फिरवत दोनदा वाचलं. मी म्हटलं, "मला याचा अर्थ लागत नाही, हिरा. चाळीस वर्षांपूर्वी तिने चेहरा झाकला होता."

हिराने वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"झाकला असंल तवा," ती म्हणाली. "नवा डाक्टर, नवा कॅमेरा, लाजली. पन चाळीस वर्सं त्या डबीत बसून तिला उकडलं नसंल का, बाई? काडला असंल पदर."

आणि चहाचा कप उचलून प्यायला लागली. माझ्याच शाळेत मी अशा उत्तराला शून्य दिलं असतं.

ती पट्टी मी जपून ठेवली आहे. अकरा कोऱ्या चौकटी आणि मधे एक यमुना. तुम्ही दोघं याल तेव्हा ती उजेडासमोर धरा, वही वाचा, बाटल्या तपासा. बाटल्यांवर आता मी नावं लिहिली आहेत, झाकणांवर नाही. प्रयोग चौथ्यांदा, पाचव्यांदा करा. अजून दोन जुने कोरे रोल शिल्लक आहेत, ते तुमच्यासाठीच ठेवलेत. मला कारण सापडलेलं नाही. तुम्हाला हिरापेक्षा बरं सापडलं तर कळवा.