भालेराव मॅडमचा फ्रिज

कुठल्याही खोलीत शिरण्याआधी भालेराव मॅडम दारात थांबायच्या, मान किंचित वर करायच्या आणि वास घ्यायच्या. स्टाफरूम असो, प्राचार्यांची केबिन असो, की कुणाच्या घरचं बारसं. नवख्या माणसाला वाटायचं, बाई नाक मुरडतायत. मलाही तसंच वाटलं होतं. जुन्नरच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायला नुकताच रुजू झालो होतो आणि दुपारी प्रयोगशाळेतच डबा उघडून बसलो होतो. मॅडम दारात थांबल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "शेपूची भाजी. आणि तापलेली वायर. आधी वायर बघा, शेपू कुठं जात नाही."

टेबलाखालचा प्लग खरंच तापला होता. त्या दिवसापासून आमची ओळख झाली.

मॅडम केमिस्ट्रीच्या विभागप्रमुख. राहायला कळंबला. रोज एसटीनं नारायणगावला यायचं, तिथून जुन्नरची गाडी धरायची. वडील शिंप्याचं काम करायचे, आणि त्यांनी कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवलेली गोधडी मॅडमच्या घरी बरीच वर्षं होती. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, ती लग्न होऊन नाशिकला. बोलणं स्वच्छ, प्रमाण मराठी, एकेक शब्द चिमट्यानं उचलून ठेवल्यासारखा. त्यांच्या तोंडून कळंबची बोली मी फक्त एकदाच ऐकली, ती पुढे सांगतो.

कॉलेजात येण्याआधी त्या एका औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होत्या. एके दिवशी सकाळी त्या कामावर गेल्या, तर फ्रिजचं दार समोरच्या भिंतीत रुतलेलं. आत कुणीतरी ईथरची बाटली ठेवली होती, तिचं झाकण सैल होतं. वाफ आत साठत गेली आणि फ्रिज स्वतःच चालू होताना आत ठिणगी पडली. झाडलोट करणारी बाई तेवढ्यात खोलीत शिरली होती. तिचे दोन्ही कान गेले. "ती मला रोज हाक मारायची," मॅडम सांगायच्या, "नंतर मी मारली तर तिला ऐकू येईना." 

आणि नशीब असं, की कॉलेजातही त्यांच्या वाट्याला तसाच फ्रिज आला. कुणा निवृत्त प्राध्यापकांनी विभागाला भेट दिलेला, घरात दूध-भाजी ठेवायचा साधा फ्रिज. प्रयोगशाळेला लागून छोटी स्टोअर रूम होती. तिला एकच दार, तेही प्रयोगशाळेतच उघडणारं, आणि जाळी ठोकलेली खिडकी. तिथं दोन कपाटांच्या मध्ये तो असा घट्ट बसवला होता, की मागचा प्लग काढायचा तर आधी कपाट हलवावं लागे. अभ्यासक्रमात ईथरचा प्रयोग होता. ईथर आपल्या अंगाच्या उबेपेक्षाही कमी उष्णतेवर उकळायला लागतं, आणि आमच्याकडचा एप्रिल तर ठाऊकच आहे.

"बाहेर ठेवलं तर बाटलीत दाब धरतं," मॅडम म्हणायच्या. "आत ठेवलं तर शेजारी ठिणगी. आतला दिवा, दाराचं बटण, थर्मोस्टॅट, सगळ्यांत ठिणगी. मी कुठं ठेवू सांगा? पदरात?"

दर वर्षी त्या प्राचार्यांकडे जायच्या आणि ज्वालाग्राही रसायनांसाठीचा वेगळा फ्रिज मागायच्या. एकदा मीही सोबत होतो.

"मॅडम, त्या फ्रिजमध्ये जास्तीचं काय असतं?" प्राचार्यांनी विचारलं.

"जास्तीचं काही नसतं सर. आत दिवा नसतो, बटण नसतं, ठिणगी पडेल असं काहीच नसतं."

"म्हणजे कमी वस्तू, आणि किंमत कितीतरी जास्त!" प्राचार्य हसले. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण आमच्या कॉलेजात वाईट काही घडलेलं नव्हतं, आणि त्यामुळे पुढेही घडणार नाही, अशी त्यांची समजूत होती.

मग मॅडम ईथर थोडंच आणायच्या, झाकण घट्ट लावून बाटली त्याच फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि रोज सकाळी दारात उभं राहून वास घ्यायच्या.

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेचा तो दिवस. लाईट गेली होती. मुलं घामाघूम होऊन टेबलांपाशी उभी, प्रत्येक टेबलावर बर्नर पेटलेला. मी काही कामानं आलो, तर स्टोअर रूममधून मॅडमनी मला हाक मारली. हळू, अगदी नेहमीच्या आवाजात. आत गेलो. फ्रिजचं दार उघडं होतं आणि तो गोडसर, डोक्यात शिरणारा वास खोलीभर पसरला होता. फ्रिजमधली बाटली ठेवायची जाळी एका बाजूनं निसटून बाटली आपटली होती. तळाशी चीर गेली होती. चीर वरच्या बाजूला येईल अशी बाटली तिरपी धरून मॅडम दोन्ही हातांत घेऊन उभ्या होत्या. तशी धरली तर गळत नव्हती. खाली ठेवली असती तर सगळी सांडली असती. बाहेर नेण्याची वाट पेटलेल्या बर्नरांमधून.

"ऐका," त्या म्हणाल्या. "लाईट कधीही येईल. आली की हा फ्रिज चालू होणार. मुलांना घाबरवू नका. बर्नर बंद करायला सांगा, म्हणावं उकडतंय, तोंडी परीक्षा खाली झाडाखाली घेऊ. मुलं गेली की मेन स्विच पाडा. आणि जाताना हे दार लावून घ्या. खालच्या फटीत ओलं फडकं कोंबा."

"मॅडम, तुम्ही आत आहात."

"ते मला दिसतंय, औटी सर. वाफ जमिनीवरून जाते. मुलं बाहेर पडेपर्यंत ती बर्नरपाशी पोचता कामा नये. दार लावा."

त्यांना आत ठेवून मी दार लावलं. माझ्या हातानं. फडकं ओलं करून फटीत बसवलं. मुलांना सांगितलं तेव्हा ती खूश झाली. एक जण म्हणाला, "मॅडम आज लई प्रसन्न हायेत, राव!" बर्नर विझले, बाकं सरकली, हसत-खिदळत सगळे जिना उतरले. मी त्यांच्या मागे धावलो. मेन स्विचच्या खोलीला कुलूप होतं, आणि किल्ली शिपायाच्या खिशात, शिपाई चहाला. बागेच्या कडेचा दगड उचलला आणि कुलपावर घालत राहिलो. प्रत्येक घावागणिक वाटे, आता वरचे पंखे फिरतील. कुलूप तुटलं. मी खटका खाली ओढला.

वर आलो, दार उघडलं. मॅडम भिंतीला पाठ टेकून उभ्या होत्या. बाटली तशीच तिरपी. डोळे अर्धवट मिटलेले. बंद खोलीतल्या ईथरनं गुंगी आली होती आणि जागं राहण्यासाठी त्या स्वतःशीच बोलत होत्या. "सोडायची न्हाई बाय... हात गार पडलाय नुस्ता... सोडायची न्हाई..." मला बघून म्हणाल्या, "पाडला का रं भाऊ खटका?"

"पाडला."

"मंग चल."

बाटली त्यांनी माझ्याकडे दिली नाही. मी खांदा धरला आणि मागच्या जिन्यानं आम्ही उघड्या माळावर गेलो. तिथं मी वाळूनं भरलेली बादली आणली, तिच्यात त्यांनी बाटली रोवली आणि शेजारीच बसून ओकल्या. बोटं पांढरी पडली होती. थोड्या वेळानं तोंड धुऊन त्या झाडाखाली गेल्या आणि मुलांची तोंडी परीक्षा घेतली.

संध्याकाळी प्राचार्य म्हणाले, "काही झालं नाही ना? मग झालं तर. बाहेर बोलू नका, कॉलेजचं नाव आहे." नवी जाळी आली. फ्रिज पुन्हा चालू झाला. नवी बाटलीही आली, कारण फेरपरीक्षा होती.

त्यानंतर मॅडम खऱ्या अडकल्या. उन्हाळ्याच्या सुटीत सगळे गावी जायचे, त्या मात्र रोज कळंबहून येऊन स्टोअर रूम उघडायच्या. "मी हलले की कुणीतरी झाकण सैल लावील," असं म्हणायच्या. बहिणीच्या मुलाचं लग्न चुकलं, पुण्यातली एक चांगली नोकरी सोडून दिली. मी थट्टेनं म्हणालो, "फ्रिजला तुमच्याशिवाय करमत नाही." त्या हसल्या नाहीत. "झोपेत मी त्या खोलीतच असते, औटी. दार तुम्ही लावलेलं असतं."

अशाच एका मे महिन्यात मुलीचं बाळंतपण आलं. जावयाचे फोन येत होते, मॅडम आज-उद्या करत होत्या. मग मुलीनंच फोन केला. मी समोर होतो. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मॅडम फक्त "येते" म्हणाल्या.

पुरवठादाराची गाडी बोलावून त्यांनी ईथर परत पाठवलं. मग शिपायाला घेऊन कपाट सरकवलं, फ्रिजचा प्लग काढला आणि पकडीनं वायर मुळापासून कापली. कापलेला तुकडा पिशवीत टाकला आणि नाशिकची गाडी धरली.

परतल्यावर चौकशी झाली. मालमत्तेचं नुकसान, परीक्षेत अडथळा. विभागप्रमुखपद गेलं. प्राचार्यांनी विचारलं, "पश्चात्ताप होतो का?"

"होतो," मॅडम म्हणाल्या. "वायर कापायला इतकी वर्षं लावली, त्याचा."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांना अकरावीचेच वर्ग दिले गेले. ईथरचा प्रयोग हिवाळ्यात घ्यायचा, लागेल तेवढंच आणायचं आणि त्याच दिवशी संपवायचं, हे मात्र त्यांनी नव्या विभागप्रमुखांच्या गळी उतरवलं.

गेल्या दिवाळीनंतर मी कळंबला त्यांना भेटायला गेलो. फुप्फुसाचा आजार बळावला होता, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. मी सांगितलं, नवे प्राचार्य आलेत, ज्वालाग्राही रसायनांसाठीचा फ्रिज शेवटी आला, आत दिवा नाही, बटण नाही. मला वाटलं, त्या खूश होतील, निदान चिडतील तरी. त्यांनी नुसती मान हलवली.

"तिथं आता कोण असतं?"

"नवी मुलगी आहे. घोडेगावची. हुशार आहे."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात रजा घेते का?"

"घेतली ना. मे महिनाभर माहेरी होती."

"महिनाभर," मॅडम म्हणाल्या. आणि त्यांचा चेहरा असा सैलावला, जसा मी त्यांच्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत कधी पाहिला नव्हता. महिन्याभरानं त्या गेल्या.