महालक्ष्म्या बसवायच्या की नाही

श्रावणातल्या एका सकाळी माझे मोठे दीर हिंगण्याला कारखान्यात जायला मोटरसायकलवर निघाले आणि तिथे पोचलेच नाहीत. गाडी सापडली ती खाप्याकडे, कन्हानच्या पुलाजवळ, व्यवस्थित कुलूप लावलेली. हिंगण्याला निघालेला माणूस नागपूर ओलांडून अगदी उलट्या बाजूला कशाला जाईल, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. पोलिसांकडेही नव्हतं, पण त्यांच्याकडे वाक्यं होती. तपास योग्य दिशेने सुरू आहे. सर्व शक्यता पडताळून पाहत आहोत. योग्य दिशा म्हणजे कोणती, असं मी एकदा तोंडावर विचारलं, तर साहेब पंख्याकडे बघत बसले. माझं डोकं लवकर तापतं. नवऱ्याने हात धरून मला बाहेर आणलं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. नदीपात्रात एका अनोळखी इसमाचा मृतदेह आढळला असून बेपत्ता व्यक्तीच्या वर्णनाशी काही बाबी जुळतात, मात्र ओळख निश्चित झालेली नाही. त्या चार ओळी आम्ही दिवसभर चघळल्या. माझा नवरा म्हणाला, "दादा असता तर पेपरात द्यायच्या आधी आपल्याले बोलावलं असतं." मला वाटत होतं, काहीच जुळत नसतं तर त्यांनी छापलंच नसतं. सासूबाईंनी पेपर माझ्या हातात दिला. "हाये का नाही, एवढंच सांग वं. बाकीचं मले नको."

मी पेपर घडी करून पिशवीत टाकला.

आम्ही ठाण्यात गेलो. देह बरेच दिवस पाण्यात होता, चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. सासूबाईंचं रक्त डीएनए तपासणीला घेतलं. बोटात अंगठी होती का, असं जाऊबाईंनी विचारलं, तर उत्तर आलं, "तो तपासाचा भाग आहे. अहवाल येऊ द्या." एवढ्यावर आम्ही परतलो, पण मी वेगळंच काहीतरी घेऊन परतले. आजवर आम्हाला तिथे तासन्‌तास उभं ठेवायचे. त्या दिवशी जाऊबाईंना खुर्ची दिली, वर चहा मागवला. त्या चहाची मला भीती वाटली. घरी कोणाला बोलले नाही.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. आमच्या घरी उभ्या महालक्ष्म्या असतात, कधी खंड पडलेला नाही. घरात सुतक असेल तरच बसवत नाहीत. म्हणजे साहेबांना जे सांगता येत नव्हतं, ते आम्ही ठरवायचं होतं. मुखवटे काढले तर दीर जिवंत आहेत, आणि पेटीतच ठेवले तर आम्ही त्यांना आपल्या हातांनी मारलं. सासूबाईंनी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "बातमी कानावर पडल्यावर सुतक. तोवर नाही."

"काहून नाही बसवायच्या मग?" जाऊबाई म्हणाल्या आणि स्वतः मुखवटे घासायला बसल्या. चिंच लावून असे घासले की माझ्याच्याने बघवेना.

जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं झालं. नैवेद्य झाल्यावर सवाष्णींचे पाट मांडले. शेजारच्या दोघी आल्या होत्या, पण जाऊबाईंना कुठे बसवायचं हे त्यांनाही कळेना. दोघी पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. सासूबाईंनी मधला पाट पुढे ओढला आणि मोठ्या सुनेला हाताला धरून बसवलं, कुंकू लावलं.

पहिली पोळी वाढून होते तोच फाटक वाजलं. मी गेले. ठाण्यातला हवालदार होता. त्याने टोपी काढून काखेत धरली. "साहेबांनी बोलावलंय. घरातल्या पुरुष माणसाने यावं. मोठ्या वहिनींना आणू नका."

इतके दिवस मी त्यांच्या प्रत्येक वाक्याचा कीस काढला होता. या वाक्याला काही करावं लागलं नाही. मी फाटक धरून उभी राहिले. तो पुढे बोलणार एवढ्यात माझ्यामागून सासूबाईंचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या, मला कळलंही नव्हतं.

"इथं काही बोलू नको बाबा. माझी सून जेवून राहिली. पंगत उठू दे."

हवालदाराने मान खाली घातली आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. जे सांगायचं ते त्याने सांगितलं नव्हतं. ज्या गुळमुळीत बोलण्याला मी महिनाभर शिव्या घातल्या, त्याच बोलण्यासाठी त्या क्षणी मी हवालदाराच्या पाया पडले असते.

सासूबाई आत गेल्या. पदराने तोंड पुसलं, तुपाची वाटी उचलली आणि वाढायला लागल्या. ज्याची वाट बघत होत्या तो त्यांच्या पोटचा पोरगा होता, पण तूप प्रत्येक पानात सारखंच पडलं. मी मागोमाग आंबील घेऊन गेले. जाऊबाई गेला महिनाभर फाटक वाजलं की हातातलं टाकून धावायच्या, अर्ध्या पोळीवर उठायच्या. त्या दिवशी त्या जागच्या हलल्या नाहीत. कोण आलं होतं, हेही विचारलं नाही.

ताटातलं संपवून त्यांनी सासूबाईंकडे वर बघितलं.

"आई, अजून एक पोळी वाढा," त्या म्हणाल्या. "सावकाश वाढा."