पायातला आकडा

रज्जाक सरांच्या पँटच्या डाव्या खिशात ज्वारी असायची आणि उजव्या खिशात हरभरे. ज्वारी म्हणजे हायड्रोजन, हरभरा म्हणजे ऑक्सिजन. दहावीच्या वर्गात आले की ते टेबलावर दोन्ही मुठी रित्या करायचे आणि आम्हाला भोवती बोलवायचे. सर राहायचे पिंपळगाव राजाला आणि आमची शाळा होती नांदुऱ्याजवळच्या एका खेड्यात. ते स्कूटरवरून यायचे. फाटकाशी उतरून रुमालासाठी खिसे चाचपताना त्यांचे दाणे सांडायचे. पावसाळ्यात तिथं ज्वारीची दोनचार ताटं हमखास उगवायची आणि शिपाई ती उपटायचा नाही.

“दोन जवारी अन् एक हरबरा, हे पाण्याचं एक घर,” सर सांगायचे. “घरं कितीबी मांडा. पण घरातलं मानूस वाढवू नका, अन् कमीबी करू नका.” म्हणजे सूत्राच्या समोर दोन, तीन, काय हवा तो आकडा लिहा, पण सूत्राच्या पायाशी जो बारीक आकडा असतो त्याला हात लावायचा नाही. तरी दरवर्षी कोणीतरी लावायचाच. समीकरणात डावीकडे ऑक्सिजन दोन आणि उजवीकडे पाण्यात एकच, म्हटल्यावर तो गुपचूप H₂O च्या पायात आणखी एक दोनचा आकडा चिकटवायचा. सर त्याची पाठ थोपटायचे. “जमलं बे, जमलं! दोन्हीकडे सारखं झालं. फक्त हे पानी नाही राह्यलं, जखम धुवाचं औषध झालं. पेतं काय?”

मी त्यांची विद्यार्थिनी. एकदा दाणे मांडता मांडता मी एक हरभरा तोंडात टाकला. दोन घरं व्हायला हवी होती, झालं एकच. उरलेल्या दोन ज्वारी मी मुठीत लपवल्या आणि साळसूदपणे बसले. सरांनी येऊन दाणे मोजले.

“काऊन वं, मूठ उघड.”

मी उघडली. वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. “हरबरा खाल्ला त खाल्ला. तुह्या पोटात हाय, गेला कुठी? पन मूठ काऊन झाकली?”  आठवडाभर मी त्यांच्यावर रुसून होते, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पुढं मी त्याच शाळेत शिक्षिका झाले. नववी मला, दहावी सरांना. वर्गात, पोरांसमोर ते मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि शिक्षकांच्या खोलीत ‘पोरी’. त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं तेव्हा ते विसरायला लागले. हजेरी दोनदा घ्यायचे. एकदा नांदुऱ्याच्या बाजारात स्कूटर ठेवून एसटीनं घरी गेले. जुलैमध्ये एक दिवस डबा खाता खाता म्हणाले, “पोरी, एक काम कर. माह्या तासाले मांगं बसत जाय. चुकलो त तिथूनच सांगजो. पोराईचं दहावीचं साल हाय.”

त्या वेळी माझा तास मोकळा असायचा. मी मागच्या बाकावर बसू लागले. पहिले काही दिवस सर नेहमीसारखेच होते. मग एका सकाळी त्यांनी फळ्यावर लिहिलं, H₂ + O₂ → H₂O₂, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘पाणी’. लिहून झाल्यावर ते थबकले. काहीतरी खुपत असावं. माझ्याकडे बघून म्हणाले, “बरोबर हाय ना, मॅडम?”

चाळीस पोरांनी मागं वळून पाहिलं.

“हो सर,” मी म्हणाले.

नंतर एकट्यात सांगू, असं तेव्हा ठरवलं होतं. नंतर सांगितलं नाही. आपण माणसाची लाज राखली, असं मला त्या दिवशी वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात घटक चाचणी झाली. लाल पेन घेऊन सर पेपर तपासत बसले आणि थोड्या वेळानं गठ्ठा उचलून माझ्याकडे आले. “साऱ्यायची एकच चूक. एकमेकाचं पाहून लेह्यलं वाटते.” ते तसेच वर्गाकडे निघाले आणि मी त्यांच्या मागोमाग.

“कोनं शिकवलं बे हे?”

 पहिल्या बाकावरच्या मुलीनं वही उघडून त्यांच्यासमोर धरली. “सर, तुमीच. अन् मॅडमबी हो म्हनल्या.”

सरांनी ती वही उभ्या उभ्या वाचली. दारात मी होते. बाहेर पडताना माझ्याजवळ थांबून ते एवढंच बोलले, “पुन्हा मूठ झाकली वं तू.”

त्याच दुपारी मुख्याध्यापकांकडे जाऊन त्यांनी सांगितलं, “दहावी मॅडमले द्या.” उरलेले महिने ते ग्रंथालयात पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवत बसले. पोरांना पाण्याचं सूत्र मी पुन्हा शिकवलं आणि ती पासही झाली. सर मात्र त्यानंतर शिक्षकांच्या खोलीतही मला ‘मॅडम’ म्हणू लागले. रागानं नव्हे, अगदी अदबीनं. हात बधिर झाल्यावर कोणी चिमटा काढावा, तसं ते मला वर्ष संपेपर्यंत ऐकू येत होतं. दुखत नव्हतं.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी ओळखलं नाही. त्यांच्या बायकोनं, चाचींनी, त्यांच्यासमोर दाण्यांचं ताट ठेवलं. “दिवसभर हेच चालते यायचं,” त्या सरांकडे बघत म्हणाल्या. सरांनी दोन ज्वारी मांडल्या, दोन हरभरे मांडले आणि मान वर करून, समोर जे कोणी होतं त्याला विचारलं, “बरोबर?”

“नाही सर,” मी म्हणाले. “एक हरभरा जास्त झाला.”

त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग एक हरभरा उचलून तोंडात टाकला. “पोटात हाय आता. मोज, पोरी.”

ते कोणालाही ‘पोरी’च म्हणाले असते. मी मोजले. चाचींनी केलेला चहा प्यायले आणि चारच्या बसनं परत आले.

पंधरा दिवसांनी फोन आला तेव्हा मी नववीवर होते. तास पूर्ण केला, मगच मातीला गेले. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. येईल येईल म्हणून मी काही दिवस वाट पाहिली, मग सोडून दिलं.

एक गोष्ट तेवढी मी करते. दर जूनमध्ये दहावीतली एक खणखणीत आवाजाची पोरगी बघून तिला मागच्या बाकावर बसवते आणि सांगते, मी चुकले तर तिथूनच ओरड. परवा ती ओरडली, “मॅडम, पायात दोन पडला!” मी फळ्याकडे पाहिलं. पडला होता. वर्ग हसला. मी बोटानं तो दोन पुसला, सूत्राच्या समोर लिहिला आणि पुढं शिकवू लागले. सगळं मिळून एवढाच वेळ लागला.